नियमामागचे कारण शोधणारा ग्रंथपाल : डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन

भारतातील कोणत्याही मोठ्या शहरातील शाळेचा हजेरीपट उघडला, तर आपल्या देशाचे वैविध्य पहिल्याच पानावर भेटते. मराठी विद्यार्थ्याच्या नावात त्याचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे क्रमाने येतात. त्याच्याच बाकावर बसणाऱ्या तमिळ विद्यार्थ्याला आडनाव नसते. त्याच्या नावाआधी येणारी आद्याक्षरे गावाची आणि वडिलांच्या नावाची असतात. नावाचे तीन रकाने असलेला छापील अर्ज भरताना परप्रांतात स्थायिक झालेल्या किती तरी मराठी कुटुंबांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची आजही अडचण होते. हजेरीपटावरील घोटाळा शिक्षक हाक मारून सोडवू शकतात. परंतु लाखो ग्रंथ असलेल्या ग्रंथालयात लेखकाचे नाव चुकीच्या अक्षराखाली नोंदले गेले, तर हाक मारायला कोणी नसते. ग्रंथ फडताळावर असूनही वाचकापुरता तो हरवलेला असतो.

हा प्रश्न किरकोळ नाही, हे ओळखून ज्यांनी जगभर रूढ असलेल्या तालिकीकरणाच्या नियमांना त्यांच्यामागचे कारण विचारले, त्या भारतीय ग्रंथपालाचे नाव डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. त्यांचे स्वतःचे नावच या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होते. शियाळी हे त्यांचे गाव, रामामृत हे वडिलांचे नाव आणि रंगनाथन हे त्यांचे स्वतःचे नाव. आडनाव त्यात कोठेच नव्हते.

रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये मद्रास इलाख्याच्या तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. हेच गाव आज शीर्काळी म्हणून ओळखले जाते. वडील रामामृत अय्यर रामायणावर प्रवचने करीत. रंगनाथन सहा वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. शालेय शिक्षण गावीच पूर्ण करून ते मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले आणि गणित विषय घेऊन १९१३ मध्ये बी. ए. व १९१६ मध्ये एम. ए. झाले. तेथे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले आणि हा गुरुशिष्यसंबंध आयुष्यभर टिकला. पुढे सैदापेठच्या अध्यापक महाविद्यालयात शिक्षणशास्त्राचे धडे घेऊन ते मंगळूर, कोइमतूर व मद्रास येथील महाविद्यालयांत गणित शिकवू लागले. त्यांच्या बोलण्यात तोतरेपणाचा दोष होता. वर्गात उभे राहणाऱ्या शिक्षकाला हा दोष किती जाचक ठरत असेल, याची कल्पना करता येते. प्रयत्नपूर्वक त्यांनी त्यावर मात केली. शिकविणे हाच त्यांचा आनंद होता आणि जन्मभर शिक्षकच राहावे, अशी त्यांची इच्छा होती.

नियतीच्या मनात मात्र वेगळे होते. मद्रास विद्यापीठाने १९२३ मध्ये ग्रंथपालाचे पद निर्माण केले आणि जानेवारी १९२४ मध्ये त्या पदावर रंगनाथन यांची नेमणूक झाली. वर्गातील चैतन्याची सवय असलेल्या या तरुण प्राध्यापकाला ग्रंथालयातील सामसूम असह्य झाली. थोड्याच दिवसांत त्यांनी अध्यापनाकडे परत जाण्याची परवानगी मागितली. त्यांनी आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयांचे शिक्षण घ्यावे आणि परतल्यावरही मन रमले नाही तर खुशाल शिकवायला जावे, अशी तडजोड झाली. ते वर्गाकडे परतले नाहीत. पुढील काळात त्यांनी ग्रंथालयालाच वर्ग मानले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ग्रंथालयशास्त्राच्या विद्यालयात त्यांना बर्विक सेयर्स हे शिक्षक भेटले. सेयर्स हे क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख ग्रंथपालही होते. रंगनाथन यांनी ब्रिटनमधील अनेक ग्रंथालये पायाखाली घातली. सामान्य कामगार आणि लहान मुले हक्काने पुस्तके नेताना त्यांनी पाहिली आणि ग्रंथालय म्हणजे समाजाचे विद्यालय आहे, याची त्यांना प्रचीती आली. तेथेच लंडनमधील सेल्फ्रिजच्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. पट्ट्या, चाके आणि खिळे यांच्या त्याच संचातून निरनिराळ्या वस्तू जोडता येतात, हे पाहून ज्ञानाचे विषयही असेच मूलघटकांपासून जोडता येतील, असे त्यांच्या गणिती मनाला वाटले. त्यातूनच पुढे १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली.

१९२५ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे रूप पालटण्यास आरंभ केला. कपाटांत बंद असलेली पुस्तके वाचकाला हाताळता येऊ लागली आणि वाचकाच्या मदतीला प्रशिक्षित माणूस उभा राहिला. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला. त्याच वर्षी त्यांच्यावर मोठा कौटुंबिक आघात झाला. त्यांच्या पत्नी रुक्मिणी यांचे मंदिराच्या पुष्करणीत अपघाती निधन झाले. पुढील वर्षी त्यांचा शारदाबाईंशी विवाह झाला. ग्रंथालयशास्त्राची मूलतत्त्वे थोडक्या शब्दांत कशी बांधावीत, या विचारात ते त्या सुमारास गुंतले होते. पहिले सूत्र सुचविण्यास प्राध्यापक रॉस कारणीभूत ठरले, हे त्यांनी कृतज्ञतेने नमूद केले आहे. १९३१ मध्ये ही पाच सूत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ग्रंथ वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक लाभला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी सजीव संस्था आहे, असा त्यांचा आशय. ही सूत्रे इतकी साधी वाटतात की त्यांत नवीन ते काय, असा प्रश्न पडावा. परंतु रंगनाथन यांनी त्यांचा उपयोग कसोटीच्या दगडासारखा केला. ग्रंथालयातील प्रत्येक प्रथा आणि प्रत्येक नियम त्यांनी या दगडावर घासून पाहिला. तालिकीकरणाचे आंतरराष्ट्रीय नियमही त्यातून सुटले नाहीत.

हे नियम तोपर्यंत युरोप-अमेरिकेत घडत आले होते. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथतालिकेसाठी अँटोनिओ पानिझ्झी यांच्या पुढाकाराने झालेले ९१ नियम १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये आपली नियमावली दिली. १९०८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका येथील ग्रंथालय संघांनी मिळून एक संयुक्त संहिता तयार केली. ही कामे मोठ्या विद्वत्तेची होती आणि रंगनाथन यांना त्यांच्याविषयी आदर होता. मात्र ती ज्यांनी केली, त्यांच्यासमोर प्रामुख्याने पाश्चात्त्य ग्रंथ आणि पाश्चात्त्य नावे होती. शेवटचे पद म्हणजे आडनाव आणि नोंद आडनावाखाली, हा तेथील सरळ हिशोब. मद्रासमध्ये भारतीय लेखकांचे ग्रंथ हाताळताना हा हिशोब पदोपदी चुकत होता.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव त्या नियमात अचूक बसते, कारण मराठी नावातील शेवटचे पद कुळाचे नाव असते. परंतु सी. पी. रामस्वामी अय्यर या नावातील शेवटचे पद केवळ ज्ञातीचे निदर्शक आहे. त्या पदाखाली नोंद केली, तर असंख्य अय्यरांच्या गर्दीत रामस्वामी सापडणार कसे? दाक्षिणात्य वाचक त्यांना रामस्वामी म्हणूनच ओळखतो आणि त्याच अक्षराखाली शोधतो. म्हणून रंगनाथन यांनी आपल्या संहितेत असा नियम केला की, दाक्षिणात्य नावाचे शेवटचे पद केवळ ज्ञातिवाचक असेल आणि त्याच्या आधीचे पद ग्रंथाच्या शीर्षपृष्ठावर पूर्ण दिलेले असेल, तर ती दोन्ही पदे त्यांच्या स्वाभाविक क्रमानेच आरंभी लिहावीत. एका ओळीच्या या नियमाने एका मोठ्या भूभागातील लेखकांना त्यांच्या खऱ्या ओळखीसह तालिकेत जागा मिळाली.

ही संहिता, म्हणजे ‘क्लासिफाइड कॅटलॉग कोड’, १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर चार वर्षांनी त्यांनी तालिकेचा सिद्धांत मांडणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या दोन कृतींच्या नात्यातच त्यांचे वेगळेपण आहे. तोपर्यंतच्या संहिता बहुधा एकेका अडचणीवर एकेक नियम रचीत वाढत गेल्या होत्या. रंगनाथन गणिती होते. प्रथम गृहीततत्त्वे आणि मग त्यांतून निघणारी प्रमेये, ही त्यांची विचाराची रीत. नियमांच्या आधी निकष हवेत, असा त्यांचा आग्रह होता. नोंदीचे शीर्षक असे असावे की ज्या शब्दाखाली वाचक शोध घेण्याचा संभव आहे, तोच शब्द तेथे असेल. ते ठरविण्यासाठी लागणारी माहिती ग्रंथाच्या शीर्षपृष्ठावर आणि त्यालगतच्या पानांवरच मिळावी, लेखकाचे पूर्ण नाव आणि जन्मसाल हुडकण्यात ग्रंथपालाचे दिवस जाऊ नयेत. एका नावाच्या दोन व्यक्ती एकमेकींत मिसळू नयेत. शीर्षक एकदा ठरले की ते वारंवार बदलू नये. अशा निकषांची एक मालिकाच त्यांनी उभी केली.

या निकषांची उपयुक्तता मराठी वाङ्मयातील उदाहरणानेही ध्यानात येते. कुसुमाग्रज या नावाने काव्यसंग्रह प्रसिद्ध झाले आणि वि. वा. शिरवाडकर या नावाने नाटके. दोन्ही नावे एकाच लेखकाची आहेत, हे मराठी वाचक जाणतो. परंतु तालिका करणारा ग्रंथपाल मराठी असेलच असे नाही. शीर्षपृष्ठावर जे नाव आहे त्याखाली नोंद करावी आणि एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे वाट दाखविणारी निर्देशनोंद ठेवावी, म्हणजे वाचक कोणत्याही नावाने आला तरी रिकाम्या हाताने परत जात नाही.

नियम कितीही विचारपूर्वक केले, तरी दोन नियमांत कधी तरी विरोध दिसतो, कधी एकाच नियमाचे दोन अर्थ निघतात. अशा वेळी काय करावे? येथे रंगनाथन भारतीय परंपरेकडे वळले. तालिकासंहिता ही कायद्याच्या ग्रंथासारखी आहे, तेव्हा तिचा अर्थही कायद्याचा लावावा तसाच शास्त्रशुद्ध रीतीने लावला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यासाठी आपल्याकडील न्यायसूत्रांचा आधार घेता येतो, हे दाखविताना त्यांनी ‘न्यायकोशा’चा निर्देश केला. मराठी वाचकाला अभिमान वाटावा असा हा धागा आहे. ‘न्यायकोश’ हा मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील महामहोपाध्याय भीमाचार्य झळकीकर यांचा ग्रंथ. वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९२८ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबई-पुण्याच्या पंडितांनी जतन केलेले शास्त्र अशा रीतीने आधुनिक ग्रंथालयाच्या उपयोगी पडले. अर्थ लावूनही अडचण सुटली नाही, तर नियमच बदलावा, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

मद्रास विद्यापीठात सुमारे वीस वर्षे त्यांनी रजेचा विचारही न करता काम केले. त्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या निमंत्रणावरून १९४५ मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तेथील सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केले. १९४७ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात आले व तेथे ग्रंथालयशास्त्राच्या उच्च शिक्षणाची आणि संशोधनाची पायाभरणी झाली. १९४८ मध्ये मद्रासला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यामागेही त्यांचे दीर्घ प्रयत्न होते. भारतीय मानक संस्थेच्या प्रलेखन समितीचे अध्यक्षपद सांभाळून त्यांनी तालिकीकरणाच्या परिभाषेला देशपातळीवर निश्चित रूप दिले.

याच काळात त्यांच्या विचारांना परदेशांतून प्रतिसाद मिळू लागला. वर्गांकातील एकेका दुव्यावरून विषयाची निर्देशपदे काढण्याची त्यांची शृंखलापद्धती १९५० मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीने स्वीकारली. जो विद्यार्थी म्हणून लंडनला गेला, त्याची पद्धती पंचवीस वर्षांनी त्याच देशाच्या राष्ट्रीय सूचीत वापरली जावी, हा योगायोग सुखावणारा आहे. १९५५ मध्ये त्यांनी पाच तालिकासंहितांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात परक्या संहितांबरोबर आपल्या स्वतःच्या संहितेलाही त्यांनी त्याच निकषांसमोर उभे केले.

१९६१ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिस येथे तालिकीकरणाच्या तत्त्वांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ५३ देशांचे प्रतिनिधी तेथे जमले होते. नियमांच्या जंगलात शिरण्याआधी तत्त्वांवर एकमत करावे, हा परिषदेचा मार्ग होता. लेखकाच्या नावातील कोणते पद नोंदीसाठी निवडावे, हे शक्यतो तो ज्या देशाचा नागरिक असेल त्या देशातील रूढीनुसार ठरावे, असे तत्त्व तेथे मान्य झाले. त्याचा पाठपुरावा म्हणून देशोदेशींच्या नावांच्या रूढींचे संकलन झाले व १९६७ मध्ये त्याची निश्चित आवृत्ती निघाली. त्याच वर्षीच्या नव्या आंग्ल-अमेरिकन नियमांत भारतीय नावांना स्वतंत्र स्थान मिळाले. हे यश एकट्या रंगनाथन यांचे नव्हे. अनेक देशांच्या, आणि भारतातील इतरही अभ्यासकांचा त्यात वाटा आहे. तथापि नाव हे ज्याच्या त्याच्या समाजाच्या रीतीने वाचले पाहिजे, ही जाणीव १९३४ मध्येच छापील नियमाच्या रूपाने मद्रासहून व्यक्त झाली होती, याचे विस्मरण होऊ नये.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्यांच्या द्विबिंदू पद्धतीचा आणि तालिकासंहितेचा प्रत्यक्ष वापर मर्यादितच राहिला. भारतातील बहुसंख्य ग्रंथालयांनीही ड्यूई यांचे वर्गीकरण आणि आंग्ल-अमेरिकन नियम पत्करले. रंगनाथन यांची चिन्हे सामान्य वाचकाला अवघड वाटत आणि ते सतत सुधारणा करीत असल्यामुळे ग्रंथपालांना त्यांच्या मागे धावावे लागे. परंतु नियमांना तत्त्वांचा आधार हवा आणि तत्त्वांचा केंद्रबिंदू वाचक असावा, हा त्यांचा विचार आज ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा भाग आहे. पत्रकांच्या खणांची जागा आता संगणकाने घेतली आहे. तरीही शोधाच्या चौकटीत नावाचे कोणते पद आधी लिहावे, हा प्रश्न तोच आहे.

दिल्लीनंतर दोन वर्षे ते झुरिक येथे राहिले. पुढे उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले आणि मग बंगळूर ही कर्मभूमी ठरली. १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने तेथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि सत्तरी गाठलेला हा शिक्षक पुन्हा तरुण विद्यार्थ्यांत रमला. १९५७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली व १९६५ मध्ये भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून सन्मानित केले. त्यांची राहणी मात्र अखेरपर्यंत साधीच होती. साठवलेले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी देऊन टाकले आणि त्या अध्यासनाला शारदाबाईंचे नाव दिले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. दरवर्षी १२ ऑगस्टला देशभरातील ग्रंथालये त्यांच्या जयंतीनिमित्त राष्ट्रीय ग्रंथपाल दिन साजरा करतात.

रंगनाथन यांच्या तालिकासंहितेच्या १९३४, १९४५, १९५१, १९५८ आणि १९६४ अशा पाच आवृत्त्या निघाल्या. पाचवी निघाली तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. या वयात माणसाला आपले शब्द अंतिम वाटू लागतात. रंगनाथन मात्र स्वतःचे नियम पुन्हा तपासत होते. परक्यांचा नियम केवळ परका म्हणून त्यांनी नाकारला नाही आणि आपला नियम केवळ आपला म्हणून जपला नाही. दोघांनाही त्यांनी एकच प्रश्न विचारला : यामुळे वाचकाला त्याचा ग्रंथ लवकर सापडतो का?

घर, शाळा आणि समाज यांचा कारभार नियमांवरच चालतो. मुलांना नियम पाळण्यास शिकविणे आवश्यक आहे. तो नियम कोणाच्या सोयीसाठी आहे हे विचारण्यास आणि तो अपुरा पडला तर अभ्यासपूर्वक सुधारण्यास शिकविणे त्याहून अवघड आहे. ज्या पालकांना व शिक्षकांना हे साधेल, त्यांच्या मुलांना शियाळीच्या या गणितशिक्षकाचा वारसा लाभला, असे म्हणता येईल.